खोट पाळण्यातच होती

...आणि वर ती दुकानातली बाई मला विचारते, "आजोबा, या वेळी काय झालं?" या वेळी! जसा काही मी हौसेनं पाळणे परत करत हिंडतोय! अहो, तिसरा पाळणा होता तो, तिसरा! यॉर्कटनसारखं गाव, बाहेर उणे अठ्ठावीस, एवढालं खोकं छातीशी धरून मी एकाहत्तर वर्षांचा माणूस बर्फातनं घसरत येतोय, आणि ही विचारते काय झालं! मी म्हटलं, "बाई, खोट आहे याच्यात. सपाट नाही." तिनं काय करावं? पाळणा तिथंच मांडला, त्याच्या गादीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, थेंब सांडत नाहीये." मी म्हटलं, "मग तुमच्या दुकानाची फरशी वाकडी असेल!" आणि पाळणा पुन्हा उचलून आलो निघून.

खोट पाळण्यातच होती, तुम्हाला सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, ओरेस्ट म्हातारा झाला, चक्रम झाला. पण सपाट म्हणजे काय हे मला शिकवायचं नाही! छत्तीस वर्षं कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरनं दगड घसरवायच्या खेळाच्या, क्लबात बर्फ जमवलाय मी. पाणी सोडायचं, गोठवायचं, तासायचं, पुन्हा पाणी सोडायचं... केसाएवढा उतार राहिला तर चाळीस पौंडाचा दगड भलतीकडेच जातो आणि हरलेला संघ माझ्या नावानं खडे फोडतो. मला झोपेत उठवा, मी नुसत्या तळव्यानं सांगीन जमीन कुठं उतरलीय ते. आणि ही मला पेला दाखवते!

तर झालं काय, आमची लॅरिसा बाळंतपणाला माझ्याकडे यायची होती. जावई ट्रेंट तिकडं उत्तरेला खाणीत, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. पोट कापून बाळंतपण होणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि खाली झोपायची खोली एकच, माझी. मी म्हटलं, तुझं घर आहे पोरी, तू पलंगावर झोप, मी तळघरात सोफ्यावर जातो. पाळणा तेवढा मी बघतो. पलंगाला चिकटून ठेवतात तसला, ज्याची एक बाजू खाली पडते, आईनं पडल्या पडल्या हात लांबवला की बाळ हाताशी. एवढंच काम! पाळणा आणायचा, पलंगाला लावायचा, पट्टा आवळायचा. कुणालाही जमेल!

पहिला आणला. लाकडाचा, देखणा. पण त्याच्या पायांना चाकं, आणि आमची जमीन जुनी, पाळणा निघाला आपला दाराकडे फिरायला! परत. दुसरा आणला, जाळीचा. त्याचे पाय पलंगाखाली सरकवायचे, आणि पलंगाखाली काय? डार्कानं भरून ठेवलेल्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या. डार्का म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. बरण्या काही मी हलवल्या नाहीत. पाळणा परत! तिसरा आणला, जाळीचाच, पण त्याला उंची कमीजास्त करायच्या खाचा. चौथ्या खाचेवर ठेवला तर पाळणा पलंगापेक्षा उंच, तिसऱ्यावर ठेवला तर बुटका. मी माझी क्लबातली सपाटी बघायची लांब पाणसळ आणली, अर्धी पलंगावर, अर्धी पाळण्यात. बुडबुडा मधे यायलाच तयार नाही! अर्धं डोकं खुपसून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. नाही म्हणजे नाही.

खोट पाळण्यातच होती, दुसरं काय असणार?

मग आली माझी मोठी मेहुणी, स्टेफ्का. ही बाई दारातनं आत येते ती बोलतच. "ओरेस्ट! कोबीचे रोल आणलेत, गरम आहेत तोवर खा. वाळलास किती! आणि हा काय पाळणा? हा पाळणा आहे की मासे पकडायची जाळी? उशी कुठाय? गोधडी कुठाय? कडेनं लावायला मऊ झालर मी स्वतः भरतकाम करून आणलीय, ही घे!" लॅरिसा एवढं मोठं पोट धरून खुर्चीत बसलेली, ती म्हणाली, "मावशी, आता काही ठेवत नाहीत. उशी नाही, गोधडी नाही, झालर नाही. नुसती घट्ट गादी आणि चादर." "उशी नाही? मग पोर डोकं कुठं ठेवणार?" "गादीवर." "चपटं होईल! तुझं झालं नव्हतं चपटं, कारण तुझ्या आईनं—" आणि तिथं थांबली. स्टेफ्का थांबली! तीस वर्षांत पहिल्यांदा! मग नाक पुसलंन आणि कामाला लागली. पलंग आणि पाळणा यांच्यात फट राहत होती ना, तिच्यात टॉवेलांची वळकटी करून ठासलीन. "हं! झालं की नाही? उगाच त्या दुकानदारणीला छळतोयस!" मलाही वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची नर्स आली, ग्वेन नावाची. बाळ यायच्या आधी घर बघून जातात त्या. चांगली बाई हो, आवाज मऊ. पण वळकटी बघितलीन मात्र... एक-एक टॉवेल उपसून माझ्या हातात दिलान. "आजोबा, इथं बाळाचं तोंड गेलं तर त्याला श्वास घेता येणार नाही. फट असताच कामा नये, आणि फटीत काही भरायचंही नाही." मी म्हटलं, "तेच तर सांगतोय मी सगळ्यांना, पाळण्यात खोट आहे!" तिनं पाळणा हलवून बघितला, पट्टा ओढून बघितला. म्हणाली, "पाळणा उत्तम आहे." मग पलंगाच्या कडेवर बसली, डार्काच्या बाजूला, आणि बसल्याबरोबर खाली गेली, आणि फट उघडली. चार बोटं. हातानं गादी दाबत दाबत गेली, खांद्यापाशी, कमरेपाशी... "इथं गादी अगदीच बसलीय. इथं कोण झोपतं?"

मी म्हटलं, "माझी बायको."

झोपतं! म्हणालो ना मी तसंच! लॅरिसा माझ्याकडे बघतेय, ग्वेन लॅरिसाकडे बघतेय, आणि मी हातात सात टॉवेल घेऊन उभा, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी पाणसळ ठेवली तेव्हाच ठाऊक होतं. बुडबुडा कुठं पळतोय ते मला दिसत नव्हतं होय? छत्तीस वर्षं तोच बघत आलोय मी! एकतीस वर्षं ती उजव्या कुशीवर झोपली त्या कडेला. उठताना आधी बसायची, सपाता शोधायची, मला शिव्या घालायची की तूच लाथाडल्यास, आणि मग उठायची. रोज. तो खड्डा तिचा आहे. कपडे पोरीनं चर्चच्या बायकांना दिले, मी देऊ दिले. कोट स्टेफ्कानं नेला, म्हटलं ने. पण त्या दहा महिन्यांत मी त्या बाजूला कूस वळवली नाही. हात ठेवायचा, एवढंच. हात ठेवला की कळतं, इथं खांदा, इथं कंबर. माणूस उठून गेलंय, येईल आता. आणि तुम्ही मला पाळण्याला चांगला म्हणायला सांगता?

तेवढ्यात स्टेफ्का आली, म्हणाली गादी फिरव, डोक्याकडची पायाकडे. फिरवली असती, पण मग तिथं माझा खड्डा आला असता, आणि तो आणखी खोल! लॅरिसा म्हणाली, "टाटो, राहू दे." पोरी बापाला टाटोच म्हणतात आमच्यात. "राहू दे टाटो, मी सोफ्यावर झोपेन, बाळाला बाजूला ठेवेन." सोफ्यावर! पोटाला टाके, तळघराचा जिना, आणि फटी बघायच्या तर त्या सोफ्यात दर आठवड्याला माझा चष्मा हरवतो! मी ओरडलोच, "खुळी आहेस का? तुझी आई मला जिवंत सोडेल का?" आणि मग आम्ही दोघं जे रडलो... ग्वेन बिचारी माझ्या हातातले टॉवेल घेऊन उभी. सातातले दोन कामाला आले.

नवी गादी मीच निवडली. ती पोचवायला आलेले दोघे धटिंगण भले होते. एक म्हणाला, "जुनी घेऊन जातो काका, किमतीतच धरलंय." मी म्हटलं, "जरा थांबा." थांबले. मी बसलो तिच्या जागेवर, सपाता घालायला बसतात तसा. काय बोललो ते नाही सांगणार. मग उठलो, म्हटलं न्या. गादी उभी धरून नेली त्यांनी. उभ्या गादीत खड्डा दिसत नाही हो, नुसता कापूस. दाराबाहेर गाडी निघून गेली, मी आपला पायरीवरचा बर्फ झाडत बसलो, झाडलेलाच.

पाळणा? चौथ्या खाचेवर असा बसला, बुडबुडा बरोब्बर मधे. बोट जाईल एवढीही फट नाही. दुकानातल्या बाईला जाऊन सांगून आलो, खोट पाळण्यात नव्हती. ती म्हणाली, "मला माहीत होतं आजोबा." सगळ्यांनाच माहीत होतं म्हणा!

मार्ता आली. साडेसात पौंडांची, नाक स्टेफ्काचं, आवाजही तिचाच. अडीच महिने झोपली त्या पाळण्यात, उशीशिवाय, गोधडीशिवाय, डोकं छान वाटोळं. गेल्या रविवारी ट्रेंट आला आणि दोघींना घेऊन गेला, पाळणाही गेला. जायलाच हवं, त्यांचं घर आहे. मी आलो तळघरातनं वर, माझ्या पलंगावर. चादर ओढताना गादीच्या कडेला शिवलेली चिठ्ठी दिसली. चष्मा लावून वाचली. वीस वर्षांची हमी लिहिलीय. कडेला बोटभर जरी खड्डा पडला, तर बदलून देणार म्हणे.

आता तुम्हीच सांगा, त्या बाजूला खड्डा पाडायला मी माणूस कुठून आणू?