पाहुणे, गाडीसकट

प्रताप : दहा वाजता शिकागोत माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे, नीला. आणि ड्राइव्हवेत माझ्या गाडीच्या मागे सोव्हिएत रशियाची रेसिंग कार उभी आहे.

नीला : हळू बोला हो. गेन्नादी पोहे खातायत.

प्रताप : त्याला आधी गाडी काढायला सांग.

नीला : ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही ती.

प्रताप : मग रविवारी विस्कॉन्सिनहून शॉमबर्गपर्यंत आली कशी?

नीला : आपल्या मागोमाग. रेस संपल्यावर मीच म्हटलं ना त्यांना, ‘या एकदा घरी.’

प्रताप : ते आपण सगळ्यांनाच म्हणतो यार! चारुदत्तला बारा वर्षं म्हणतोय. आला कधी?

नीला : चारुदत्त भावजी पुण्याचे. रशियन माणूस शब्दाला जागतो.

प्रताप : अख्खा फ्रीवे माझ्या बंपरला चिकटून! आणि त्याचा टोल तू भरलास.

नीला : पाहुण्याला भरू द्यायचा?

प्रताप : रेसमध्ये एवढा चिकटला असता तर शेवटचा आला नसता.

नीला : ते वरून ठरलेलं असतं. त्यांच्या पंचवार्षिक योजनेत यंदा शेवटचाच नंबर आहे. पहिला नव्वद साली.

प्रताप : आणि माझ्या रिक्लायनरमध्ये टाय लावून बसलाय तो दुसरा कोण?

नीला : ते गेन्नादींवर नजर ठेवायला असतात. तीन दिवस नुसते बघत बसले होते, म्हणून मटार सोलायला दिले.

प्रताप : ऑफिसर मला विचारणार, कम्युनिस्टांशी काही संबंध? काय सांगू? एक पोहे खातोय, एक मटार सोलतोय?

नीला : खरं ते सांगावं. सोलतात छान.

प्रताप : त्यांना ‘जा’ म्हण! तुला रशियन येतं ना?

नीला : ‘या’ येतं. ‘बसा’ येतं. ‘आमच्या गावचा ट्रॅक्टर पाहिलात का’ येतं. पुण्यात मी पहिलंच पुस्तक केलं हो. त्यात पाहुणे नुसते येतात. जातात दुसऱ्या पुस्तकात. तेवढ्यात आपलं लग्न ठरलं.

प्रताप : गेन्नादीला आत बसव. शेजारच्या बॉबला हाक मार. आपण तिघं ढकलू.

(त्याच दिवशी, दुपारी.)

नीला : आलात! अहो, गाडी सुरू झाली की हात सोडायचा असतो.

प्रताप : हात सोडलेला. टाय अडकला होता.

नीला : अगंबाई! म्हणून धावत होता होय? मला वाटलं, उत्साह.

प्रताप : पहिल्या सिग्नलला वर चढून बसलो. इंजिनवर. सूटमध्ये.

नीला : पोचलात ना वेळेवर?

प्रताप : इतका आधी की ऑफिस उघडायचं होतं.

नीला : मग? झालात अमेरिकन?

प्रताप : पास केलं. पण तो ऑफिसर खिडकीत उभा होता. म्हणाला, हा लाल गाडीवाला कोण? म्हटलं, माय वाइफ्स ब्रदर.

नीला : आणि ते निळे डोळे? सोनेरी केस?

प्रताप : म्हटलं, माझी सासुरवाडी कोकणातली. तिकडे असतात तसे.

नीला : पटलं त्याला?

प्रताप : लिहून घेतलं. आता सरकारदरबारी तो तुझा भाऊ आहे. तेव्हा कोणी चौकशीला यायच्या आत त्याला संध्याकाळी डबा बांधून दे आणि—

नीला : आता कसं पाठवायचं? भाऊबीज तर होऊ दे.

प्रताप : नीला, आत्ता जून चाललाय. भाऊबीज नोव्हेंबरात.

नीला : माहितेय हो. इथे आल्यापासून दर वर्षी मी चंद्रालाच ओवाळतेय.