फादरांचा माइक

“आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही बाई. सून तर नाहीच नाही. आत्ता तीच गेलीय आत.”

कन्फेशनच्या रांगेत माझ्यापुढे एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोघी होत्या. आत गेलेल्या सुनेच्या सासूबाई आणि कुत्रेवाली.

“मग ती आत सांगणार तरी काय?”

तेवढ्यात चर्चच्या कर्ण्यातून आवाज आला. “फादर, सासूबाईंचं सूप मी शेजारच्या कुत्र्याला घालते. त्यांना सांगते, फार छान झालं होतं.”

“अगं बाई! फादरांचा मिस्साच्या प्रार्थनेचा कॉलरवरचा माइक चालूच राहिलाय!”

“माझं सूप?”

“माझा कुत्रा! तरीच मेला हल्ली बादलीभर पाणी पितो. एवढं मीठ घालतेस?”

“मुद्दाम घालते गं. म्हटलं, बघू कधी खरं बोलते ती.”

“शाबास! आता हे आत जाऊन सांग.”

“कर्ण्यातून? सून ऐकेल ना!”

“थांब, चर्चच्या सेवकाला माइक बंद करायची खूण करते.”

सेवकाने लांबूनच मान डोलावली. सून बाहेर येऊन पहिल्या बाकापाशी गुडघे टेकून बसली. सासूबाई निर्धास्तपणे आत गेल्या.

सेवकाने बटण दाबलं. आमच्या डोक्यावरचा पंखा बंद झाला.