घोडीचं मशीन

माझ्या लग्नातलीच गंमत सांगते. मला दमा आहे हे सासरी सांगितलंच नव्हतं. नेब्युलायझरचं मशीन पेटीत साड्यांखाली दडवलेलं.

लग्न सासरच्या गावी, सोनगीरला. नवरदेवाची मिरवणूक निघणार, तेवढ्यात घोडीला धाप लागली. वऱ्हाडातलेच गुरांचे डॉक्टर हळहळले, "नेब्युलायझर तरी असतं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे!"

मशीन मांडवाच्या वायरीला जोडलं, भोक पाडलेली बादली घोडीच्या तोंडाला लावली. पांढऱ्या धुक्यात तिचे डोळे हळूहळू मिटत गेले. माझाही श्वास तिच्यासोबत संथ झाला. वाजंत्री कुठेतरी लांब, पाण्याखाली वाजत असल्यासारखी.

"मशीन कोनं शे?" मागून सासूबाई.

मी दचकले. "घोडीचं!"

त्या कानाशी वाकल्या. "मंग घोडीनंतर माले दे. माले बी दमा शे. तीस वरीस व्हयनात, तुना सासराले माहीत नही."