भंडारदरा व्हाया गच्ची

...नाही, मला एक सांगा, सुट्टी म्हणजे नक्की काय असतं हो? कारण आमच्या घरी सुट्टी म्हणजे वाळवण! परीक्षा संपली, पोरगी होस्टेलवरनं घरी आली, की तिला गच्चीवर चढवायची ती कॉलेज उघडल्यावरच उतरवायची! शेवया झाल्या की पापड, पापड झाले की सांडगे, आणि सांडग्यांवर जीव गेला नाही तर कुरडया... आणि म्हणे सुट्टी लागलीय!

पण यंदा मी ठरवलं होतं. तुम्हाला सांगते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे मी, नगरला, आणि आजपर्यंत 'फिरायला' म्हणून कुठं गेले असेन तर लोकांच्या लग्नाला! आमच्या होस्टेलच्या पोरींनी बेत केला, भंडारदरा! निकिताच्या चुलत्याची क्रूझर, लक्ष ठेवायला तिची काकू, सगळ्या पोरीपोरी, शनिवारी सकाळी जायचं, रविवारी परत. ह्यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? पण विचारायला गेले तर अण्णा म्हणतात, "तुज्या मम्मीला इचार." मम्मी म्हणते, "मला काय इचारती, अन्नाला इचार." मी आपली ओसरीतनं चुलीपाशी आणि चुलीपाशनं ओसरीत! तेवढ्या चालण्यात तर मी पायी भंडारदऱ्याला पोचले असते!

मग अण्णा म्हणाले, "हाय काय तिथं?"

म्हणलं, "धरण आहे."

"मग आपल्या गावतळ्यावर जा की! त्येला बी बांध हाय."

"अण्णा, त्यात पाणी नाहीये!"

"मंग तर लईच चांगलं. बुडायचं भ्या न्हाई."

मी रुसले. जेवले नाही. म्हणजे दुपारी जेवले नाही, संध्याकाळी डबल जेवले, पण रुसलेलीच. शेवटी निकिताच्या काकूनं फोनवर शब्द दिला तेव्हा कुठं अण्णा "बरं, जा" म्हणाले. अहो, मी अंगणात नाचले! नवीन बूट आणले, टोपी आणली, बॅग भरली, उपसली, परत भरली. आणि मंगळवारी संध्याकाळी गाणं म्हणत मागच्या दारी गेले, तर काय बघते? हे एवढं थोरलं पातेलं आणि त्यात... गहू भिजत घातलेले!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, मग वाटायचे, चीक गाळून रात्रभर ठेवायचा आणि पहाटे शिजवायचा. एकदा भिजवले की थांबवता येत नाही. मी बोटं मोजली. मंगळवार... बुधवार... चीक शिजणार कधी? शनिवारी पहाटे! दारात क्रूझर आणि चुलीवर चीक! मी किंचाळलेच, "मम्मी! अगं शनिवारीच माझी सहल आहे ना!"

मम्मी म्हणते, "मंग जा की. कुरडया घालून जा."

"गाडी सातला येणार!"

"मला काय सांगती? सावडीत आपला नंबर लागलाय. समद्या बायांना सांगून झालंय."

आता ही सावड! म्हणजे आज माझ्या घरच्या कुरडयांना तू ये, उद्या तुझ्या घरी मी येते. चुकवायची नाही. चुकवली तर पुढच्या वर्षी गच्चीवर एकट्याच बसा सोऱ्या दाबत. आणि आमच्या घरी सोऱ्या दाबणारी कोण? मीच! मम्मीचा खांदा दुखतो, चीक हाटून हाटून. मला खरंच रडू आलं हो. खोटं कशाला बोलू, त्या पातेल्यापाशी बसून रडले. एवढी भांडून मिळवलेली परवानगी, आणि गव्हानं घालवली! आणि म्हणे सुट्टी!

पण मी काय उगीच सायन्सला गेलेय? रडता रडता डोक्यात उजेड पडला. ऊन जास्त तर गहू लवकर फुगतो! बुधवारी सकाळी मम्मी शेतात गेली, की मी ते पातेलं ओढत ओढत अंगणात आणलं, उन्हात ठेवलं, वरनं झाकण. पाणी बदलताना कोमट पाणी. मम्मी यायच्या आत पातेलं परत जागेवर! गुरुवारी पण तेच. आणि गुरुवारी संध्याकाळी मम्मीनं गहू दाबून बघितला तर फचकन पांढरा चीक बाहेर! "अगं बया! यंदा एक दिस आधीच तयार झालं की! काय गं ह्यो उन्हाळा!" मी म्हणलं, "व्हय ना, फार ऊन!" शुक्रवारी पहाटे चीक शिजला, बाया आल्या, मी सोऱ्या असा दाबला, असा दाबला की दिवस डोक्यावर यायच्या आत गच्ची पांढरीशुभ्र! जिंकले! शनिवार मोकळा!

पण माझं तोंड! देवानं मला तोंड का दिलं? झालं होतं काय, बुधवारीच शेजारच्या मनकर्णाआक्का म्हणाल्या होत्या, "राजे, पातेलं उनात कशाला गं?" तर मी शहाणी! मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं! आक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शुक्रवारी आमच्या कुरडया झाल्या, मी हात धुतेय, आणि आक्का म्हणतात, "तुजी युक्ती लई भारी बग! माजं बी गहू एक दिस आधी झालं. उद्या पहाटं माज्याकडं!"

उद्या म्हणजे? शनिवार!

"आक्का, मला जायचंय!"

"जा की. पर आज मी आलते ना तुज्याकडं?"

संपलं. सावड! मम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली.

शनिवारी सात वाजता मी आक्कांच्या गच्चीवर. खाली हॉर्न! पोरी ओरडतायत, "राजेश्वरीऽऽ! चल की गं!" हातात सोऱ्या, चिकाचं पातेलं अर्धं बाकी, मम्मीचा खांदा गेलेला. ह्या गेल्या की मी राहिले, कायमची राहिले! मग मी कठड्यावरनं वाकले आणि ओरडले, "मला न्यायचं असलं तर वर या! सगळ्या!"

आणि आल्या हो! नव्या कपड्यात, गॉगल लावून, केस मोकळे सोडून! निकिताच्या काकूनं तर पदर खोचला, आक्कांच्या हातातलं हाटायचं दांडकं घेतलं आणि असा चीक हाटला की एक गुठळी नाही! दोघी सोऱ्या दाबतायत, दोघी पाण्याचा हात लावतायत, एक नुसतीच गरम चीक साखर घालून खातेय... पातेलं रिकामं! मी जिना एका दमात उतरले, गाडीत बसले, आणि गाव मागं पडलं तेव्हा मी जी आरोळी ठोकली ना, ती अण्णांना शेतात ऐकू गेली म्हणे! भंडारदरा बघितला! पाण्यात पाय सोडून बसले! खरं धरण, खरं पाणी! आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते.

काल रविवारी संध्याकाळी मला दारात सोडलं. काकू खाली उतरल्या, मम्मीला म्हणाल्या, "ताई, शनिवारी आमच्या पोरी तुमच्या गावात कुरडया घालून आल्या. आता आमच्या घरोघरच्या राहिल्यात. पाठवता ना राजेश्वरीला?"

मी मनात म्हणलं, मम्मी म्हणेल अण्णाला इचार. अण्णा म्हणतील मम्मीला इचार. सुटले!

तर मम्मी म्हणते, "आवं इचारताय काय! सावड हाय ती! न्या की!" आणि ओसरीतनं अण्णा, "व्हय व्हय, खुशाल न्या! कितीबी दिस ऱ्हाऊ द्या!"

भंडारदऱ्याच्या एका रात्रीसाठी मी उपाशी राहिले होते हो! आणि आता? उद्या श्रीगोंदा, तिथनं पाथर्डी, मग शेवगाव, नेवासा, राहुरी... अख्खा जिल्हा फिरायची परवानगी, उभ्या उभ्या, न मागता!

एक पण गच्ची सुटायची नाही बघा.