माहेरचं नाव

अहो, साठ सालच्या सुमारास बेंगळुरात मी चिकपेटेतल्या मराठी बायकांना दर रविवारी नवी कविता वाचून दाखवायचो. जागा देणारे कापडवाले रामण्णा एकदा म्हणाले, "मास्तर, यमक नाही, चाल नाही. कुणाला कळतं हे? वर्ग बंद करा."

"आज एक ऐका, मग ठरवा," मी म्हटलं.

कविता लग्नात नाव बदललेल्या बाईवर होती. ती वाचून संपली. मग रामण्णांचीच बायको, वर्गात कधी तोंड न उघडणारी गंगाक्का, म्हणाली, "मी माहेरची इंदू. वीस वर्षांत त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ह्या कवीला कसं कळलं?"

रामण्णा तिच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "सरी, बरं मास्तर. परत एकदा वाचा, स्वल्प सावकाश."

वर्ग पुढं नऊ वर्षं चालला.