सोनीच्या पेटीतले रातकिडे

हसू नका रं, पण मी काचंच्या पेटीत पाल पाळलीया. ठिपक्याठिपक्यांची, नाव सोनी. आन तीबी आमच्या निपाणीच्या जैन घरात!

एक दिवस बघतो तर तिचं जाडजूड शेपूट काडीसारखं झालेलं. डोळं मिटून नुसती पडलेली. तिला डब्यात घातलं आन गाठलं बेळगाव. जनावरांच्या दवाखान्यात माझ्या पुढं म्हैस, मागं कुत्रं.

डॉक्टर म्हणाले, "हिची चरबी शेपटीत असते. ही उपाशी आहे. खायला काय घालता?"

"रोज संध्याकाळी सहा रातकिडे सोडतो. सकाळी पेटीत एकबी नसतो, सर."

"मग खातंय कोण?"

तिथनंच आईला फोन लावला. "पेटीतलं रातकिडं कुठं जातात गं?" आई म्हणाली, "तू आत गेलास की मी परसात सोडते त्यास्नी. त्यांचा जीव न्हाय व्हय?"

"आन सोनीचा? मरायला लागलीया ती, आई!"

 

"घाल बाबा," आई म्हणाली. "मी बघणार न्हाय. पर दिवस मावळायच्या आत घाल. आपल्या घरात रातचं कुणी जेवत न्हाय."