पुरे म्हणणारं कुणी

ताई : सिस्टरसमोर तोंड उघडलंस, तर याद राख!

भाऊ : उघडणार! त्यांनी विचारलं, पोट ठीक आहे ना? आणि तू खुशाल सांगितलंस, एकदम मस्त. सकाळपासून संडासाची कडी कोण लावून बसलं होतं? मी?

ताई : हळू बोल. शेजारच्या खुर्चीत सलाइन लावून बसलेल्या बाई बघतायत.

भाऊ : बघू देत! तुझ्या शिलाई मशीनच्या खणात जुलाब बंद करायच्या गोळ्यांचा ढीग सापडलाय मला. रक्त पडतंय का?

ताई : माझा खण कशाला उघडलास तू?

भाऊ : ताई, रक्त पडतंय का?

ताई : थोडंसं.

भाऊ : थोडंसं म्हणे! आणि वर आज पुढचा डोस घ्यायला आलीस, नटूनथटून!

ताई : तुला काय जातंय ओरडायला? आधीच्या औषधांनी केस गेले, नखं गेली, गाठ काही जागची हलली नाही. हे पहिलंच लागू पडलंय. फुफ्फुसातली गाठ निम्मी झाली रे! पोटाचं कळलं की डॉक्टर हे बंद करणार. मग काय करू?

भाऊ : त्यांनी आधीच बजावलं होतं ना? आपल्या लढाऊ पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्यांना 'पुरे' म्हणणारं.

ताई : आणि मेला कॅन्सर तेच दाबून त्यांना गप्प बसवतो. म्हणून हे औषध ते प्रथिन झाकून टाकतं. पाठ आहे मला, तू नको शिकवूस.

भाऊ : झाकलं की त्यांना पुरे म्हणणारं कुणी उरत नाही! आता तुझंच आतडं कुरतडायला लागल्यात त्या. शेवटी तुझ्याच पेशी. कुणाच्या बापाचं ऐकतील तर शपथ!

ताई : ऐकलं नाही म्हणून तर जिवंत आहे मी!

भाऊ : आणि आतडं फाटलं तर? निम्मी झालेली गाठ काय कपाटात ठेवू मी?

ताई : जीभ आवर!

भाऊ : नाही आवरत! आई गेल्यापासून हेच ऐकतोय. गप्प बस, तुला काय कळतंय. हे कळतंय मला!

ताई : मला जगायचंय रे, मेल्या! बाकी काही नाही. त्यासाठी खोटं बोलले, तर कुणाचं काय बिघडवलं?

(ती तावातावाने उठते. दोन पावलांवर भिंत धरते.)

भाऊ : ताई? काय होतंय?

ताई : काही नाही. … धर मला. धर, पडेन मी.

सिस्टर : मावशी, निघालात कुठे? औषध आलंय तुमचं. लावूया ना?

भाऊ : सिस्टर, हिला ना—

ताई : तू थांब. मी सांगते. सिस्टर, जुलाब होतायत मला. रक्तही पडतंय. आठवडा झाला. मघाशी खोटं बोलले.

सिस्टर : अहो, आठवडा? आणि आत्ता सांगताय? डॉक्टरांना बोलावते. हे आज नाही लावता येणार.

ताई : मग कधी?

सिस्टर : आधी आतड्याची सूज उतरू दे. पुढचं डॉक्टरच सांगतील. मी नाही सांगू शकत.

भाऊ : ताई, हे बघ—

ताई : (परत खुर्चीत बसत) रडू नकोस. सिस्टर, ही खुर्ची लगेच सोडायची का?